मशीनला माया नाही : अनुभवी हात आणि नवं ओव्हरलॉक

काकूंचा फोन आला तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. एप्रिलचा दुसरा आठवडा. त्या वेळेला नागपुरात कोणी कोणाच्या घरी जात नाही. "अगं, तू येऊन जा बरं एकदा. अकराव्यांदा धागा तुटला," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. मी तोंडाला दुपट्टा गुंडाळला आणि गाडी काढली.

समोरच्या खोलीत कूलर सुरू, कूलरच्या तोंडाशी टेबल, टेबलावर नवंकोरं ओव्हरलॉक (कापडाची कड छाटून दोऱ्यांनी पक्की करणारं मशीन) आणि त्याच्यापुढे हातात चिमटा घेऊन बसलेल्या काकू. खाली पांढऱ्या दोऱ्याचा हा एवढा गुंता. झोताने स्टँडवरचे चारही दोरे फडफडत होते, म्हणून आधी टेबल भिंतीकडे सरकवलं. दोरा तुटण्याचं कारण ते नव्हतं, पण उडत्या दोऱ्यावर कोणतंच निदान करता येत नाही.

मी मानेवाडा रोडला घरीच शिवणवर्ग घेते. वर्गातल्या नवख्या मुलींना ओव्हरलॉक शिकवायला मला तीन दिवस पुरतात. काकूंच्या बाबतीत एप्रिल गेला आणि मेही जवळजवळ सगळा गेला. का गेला, ते लिहून ठेवते आहे. त्यातला निम्मा वेळ माझ्यामुळे गेला, हे आधीच सांगून टाकते.

काकू

वय ५८. लग्नात आलेलं काळं, पायाचं मशीन अजून रोजच्या वापरात. ब्लाऊज, परकर, मुलांचे फ्रॉक-चड्ड्या, सासऱ्यांचे पायजमे, सगळं त्याच्यावर झालं. सासरे एम्प्रेस मिलमध्ये होते. जमशेदजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केलेली ती गिरणी आता नाही, पण तिथलं कापड ओळखण्याचं शिक्षण या घरात राहून गेलंय. काकू कापड चिमटीत धरतात, उभा-आडवा एकदा ताणून बघतात आणि धुतल्यावर किती आटेल ते सांगतात. अजून तरी मी त्यांना चुकताना पाहिलं नाही.

कापडाच्या कडा मात्र त्या आजवर नागपूरच्या महाल भागातल्या पिको-फॉलच्या दुकानातून करून आणत. आपल्याकडे त्याला सगळे 'इंटरलॉक' म्हणतात. खरं तर इंटरलॉक हा विणलेल्या होजिअरी कापडाचा एक प्रकार आहे. गांधीबागेत काकूंनी 'इंटरलॉकचा धागा' मागितला, तर दुकानदाराने बाळाच्या कपड्यांचं मऊ कापड उलगडून दाखवलं. ते त्यांनी घेतलंही, त्याची गोष्ट पुढे येईल.

मशीन मुलाने भेट दिलेलं. दोन सुया, चार दोऱ्यांचं घरगुती ओव्हरलॉक. कारणही होतं: मुलगी जूनमध्ये बाळंतपणाला येणार होती. बाळ यायच्या आधी त्याचे नवे कपडे शिवायचे नाहीत, हा या घरातला नियम. काकूंनी त्यातून वाट काढली होती: "शिवून ठेवू नये, पण शिकून ठेवायला काय हरकत आहे?"

अकरा वेळा तुटलेला दोरा

मी पोचण्याआधी काकूंनी काय काय केलं होतं ते ऐका. कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांखालचा कचरा ब्रशने काढला. सुई बदलली. टेन्शन, म्हणजे दोऱ्याचा ताण, ढिलं केलं. दोरा जुना असेल म्हणून काकांना भर उन्हात इतवारीला पाठवून नवा कोन आणवला. साध्या मशीनवर दोरा तुटत असता तर यातल्या एखाद्या उपायाने नक्की थांबला असता. नवखी मुलगी दुसऱ्यांदा तुटल्यावर हात टेकते आणि मला विचारते. काकूंकडे उपायांची मोठी यादी होती, म्हणून त्या अकरापर्यंत गेल्या.

तुटत होता तो खालच्या लूपरचा दोरा. काकू तेवढाच पुन्हा ओवत होत्या आणि चार-सहा टाक्यांत तो पुन्हा तुटत होता.

साध्या मशीनमध्ये सुई वरून दोरा आणते, बॉबिनचा दोरा खालून येतो आणि दोघांची अढी कापडाच्या पोटात पडते. ओव्हरलॉकला बॉबिनच नाही. खाली दोन वाकडे हात असतात, ते लूपर. सुई खाली जाऊन वर निघाली की तिच्या दोऱ्याचा छोटा फुगा पडतो. त्या फुग्यात खालचा लूपर शिरतो आणि स्वतःचा दोरा घेऊन उजवीकडे सरकतो. वरचा लूपर त्या दोऱ्यात शिरून कापडाच्या कडेवरून वर येतो, आणि पुढच्या टाक्याला सुई त्याच्याच फाशातून खाली उतरते. एक दुसऱ्याला धरतो, दुसरा तिसऱ्याला.

आता सुया ओवलेल्या असताना खालचा लूपर ओवला तर? सुईचा दोरा आधीच त्या लूपरवर आडवा पडलेला असतो. नवा दोरा त्याच्या चुकीच्या बाजूने जातो, दोघे एकमेकांना आवळतात आणि जो जास्त ताणात असतो तो तुटतो. दोरा चांगला असो की वाईट, टेन्शन दोन असो की पाच, तुटणारच. म्हणून क्रम ठरलेला: आधी वरचा लूपर, मग खालचा, सुया शेवटी. खालचा तुटलाच तर आधी सुयांचे दोरे काढायचे, खालचा ओवायचा, मग सुया पुन्हा ओवायच्या.

सुयांचे दोरे उपसले, खालचा ओवला, सुया ओवल्या. मशीन चाललं. पण टाके सुटून राहिले होते.

काकूंनी सुई बदलली म्हणाल्या होत्या, तिकडे आता माझं लक्ष गेलं. दोन्ही सुयांची टोकं एका रेषेत, अगदी फुटपट्टी लावल्यासारखी. "डावी वर राहिली होती, मी खाली ओढून बरोबर केली," काकू म्हणाल्या. नीटनेटक्या हाताची चूक ती अशी. ओव्हरलॉकमध्ये दोन्ही सुया पूर्ण वर बसवल्या की डावीचं टोक उजवीपेक्षा किंचित वरच राहतं. लूपर तिरका येतो, तो ज्या सुईपाशी ज्या उंचीवर पोचतो तिथेच तिचा फुगा असायला हवा. काकूंनी डावी खाली ओढून स्क्रू आवळला, म्हणजे तिचा फुगा लूपरला सापडेनासाच झाला. शिवाय सुई १६ नंबरची. या मशीनच्या पुस्तकात ११ ते १४ लिहिलंय, जाड सुई लूपरला घासू शकते. १४ नंबरची जोडी बसवली, दोन्ही सुया वर टेकेपर्यंत ढकलल्या, आणि कोपऱ्यातल्या फडक्यावर पहिली सरळ, भरीव कड उतरली.

काकूंनी ती कड नखाने ओढून पाहिली. "दुकानातल्यापेक्षा बरी आहे," म्हणाल्या. मग जरा थांबून, "अकरा वेळा जी! सांगू नको कोणाला." त्यांची परवानगी घेऊनच सांगते आहे.

चार रंग

दुसऱ्या दिवशी मी चार रंगांचे कोन घेऊन गेले. डावी सुई लाल, उजवी निळी, वरचा लूपर हिरवा, खालचा पिवळा. कापड म्हणून काकांची जुनी बनियनं आणि एक विरलेलं सुती पातळ. पांढऱ्यावर पांढरा दोरा असला की चूक कोणाची ते कळत नाही, रंग लावले की चोर लगेच सापडतो.

इथे माझी पहिली चूक झाली. वर्गात शिकवते तसं मी अगदी पहिल्यापासून सुरू केलं: हे टेन्शन, टेन्शन म्हणजे काय, घट्ट म्हणजे काय. काकूंनी पाच मिनिटं ऐकलं आणि माझ्या हातातून कापड घेतलं. पालथं केलं, उजेडाला धरलं. "हिरवा खाली उतरून राहिला. म्हणजे एक तर हिरवा ढिला आहे, नाही तर पिवळा त्याला खाली ओढून राहिला. कोणता ते फिरवून पाहू." अगदी बरोबर. वरच्या आणि खालच्या लूपरचे दोरे कापडाच्या नेमक्या कडेवर भेटले पाहिजेत. पालथ्या बाजूला सुईच्या दोऱ्याचे फासे दिसले तर सुई ढिली. कड आत गुंडाळून पन्हाळीसारखी झाली तर लूपर घट्ट, किंवा कापडाच्या मानाने टाका रुंद. टाका वाचायची नजर काकूंकडे माझ्यापेक्षा जुनी होती. त्यांना कोणत्या आकड्याला कोणता दोरा जोडलाय एवढंच माहीत नव्हतं. ते मी अर्ध्या तासात सांगू शकले असते, त्यात मी चार दिवस घालवले.

त्यांना सांगावं लागलं ते एकच: एका वेळी एकच चकती, तीही अर्ध्या आकड्याने. साध्या मशीनवर वरचं टेन्शन जरा फिरवलं की काम भागतं. इथे एक आवळला की बाकीचे तिघे हलतात.

बाकीच्या सवयी पटकन बदलल्या. उलट टाका नाही, तर शेवटी साखळी लांब सोडून मोठ्या नाकाच्या सुईने टाक्यांखाली ओढून घ्यायची. दर वेळी कापड दाबणारा मशीनचा पाय उचलायची गरज नाही, कापड पुढे नुसतं सरकवलं तरी दाते घेतात. रंग बदलताना सगळं पुन्हा ओवायचं नाही, नवा दोरा जुन्याला स्टँडपाशी गाठ मारून टेन्शन शून्यावर ठेवून ओढायचा. लूपरमधून गाठ जाते, सुईच्या नाकातून जात नाही, तिथे आधीच कापून ओवायची. ही गाठीची युक्ती काकूंना इतकी आवडली की दोन दिवस त्या उगाचच रंग बदलत होत्या.

दोऱ्याच्या खर्चावरून काकांशी छोटी झटापट झाली, ती वेगळी. साध्या टिपेला, जिला कारखान्यात ३०१ नंबरचा टाका म्हणतात, शिलाईच्या लांबीच्या साधारण अडीच पट दोरा लागतो. तीन दोऱ्यांच्या ओव्हरलॉकला, म्हणजे ५०४ ला, साधारण १४ पट. "दोरा खाते का पिते ही?" काका म्हणाले. पुढच्या वेळी इतवारीतून त्यांनी स्वतःच मोठे कोन आणले.

पातं

ओव्हरलॉक शिवायच्या आधी कापतं. खालचं पातं स्थिर, वरचं दर टाक्याला खाली-वर, आणि घरगुती मशीनही मिनिटाला १३०० टाक्यांच्या आसपास जातं. काकूंचा उजवा पाय तीस-पस्तीस वर्षं पायट्यावर होता, पण मशीन थांबवायचं काम हात करायचा, चाकावर ठेवून. विजेच्या पेडलवर पाय उचलल्याशिवाय ते थांबत नाही.

मेच्या सुरुवातीला एका कुर्तीच्या बाहीची कड करताना बाहीचीच घडी खालून पात्याखाली गेली. आवाज बदलला नाही, हाताला काही लागलं नाही. बाही उचलली तेव्हा कोपराच्या वर दोन बोटांचा स्वच्छ काप, आणि त्याच्या दोन्ही कडा छान ओव्हरलॉक केलेल्या. साध्या मशीनवर घडी अडकली की आपण उसवतो. इथे उसवायला काही उरत नाही. काकूंनी बाही कोपरावर कापून आखूड केली आणि उरलेल्या तुकड्याची गोट लावली. मे महिन्यात तशीही पूर्ण बाही कोणाला हवी होती!

तेव्हापासून वर्गातही मी हेच सांगते: डावा हात कापडावर सपाट ठेवा, खाली काय आहे ते त्या तळव्याला कळलं पाहिजे. टाचण्या पात्याच्या वाटेत तर नकोतच. एक टाचणी कापली गेली की पात्याची धार गेली.

माया

आता माझी महागाची चूक.

ओव्हरलॉकची जी शिकवणूक बाहेर सगळीकडे दिसते ती अशी: दोन कापडं जोडा, चार दोऱ्यांनी एकदम शिवा, कापा, कड करा, एका फेरीत काम संपलं. हे मशीन जन्मलंच त्या कामासाठी. अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या मेरो कुटुंबाच्या गिरणीत १८८० च्या दशकात ते घडलं, विणलेल्या मालाच्या कडा झपाट्याने पक्क्या करण्यासाठी. तिथून ते तयार कपड्यांच्या कारखान्यांत पसरलं. तयार कपडा ठरलेल्या मापाचा, तो कोणी पुढे सैल करून घेणार नाही. आत सहा-सात मिलिमीटर कापड उरलं तरी पुरे.

काकूंच्या धाकट्या जाऊबाईंचं ब्लाऊज कापून तयार होतं. मी म्हटलं, बाजूच्या शिलाया थेट ओव्हरलॉकवरच घ्या, बघा किती पटकन होतं. काकूंनी माझ्याकडे बघितलं. दीड इंच माया, म्हणजे शिलाईच्या आत राहणारं जादा कापड, सोडून कापलेलं होतं. "कापून टाकेल ना ते?" मी म्हटलं, हो, पण मापाचं आहे, काय बिघडतं? गुरू म्हणून बोलले, त्यांनी ऐकलं. पात्यातून दोन लांब पट्ट्या खाली पडल्या. ब्लाऊज आतून इतकं सुबक दिसत होतं की मी त्याचा फोटोही काढला.

पंधरा दिवसांनी जाऊबाई आल्या. बाजूंनी एक बोट सैल करून हवं होतं. आपल्याकडच्या कोणत्याही ब्लाऊजचं हे होतंच, म्हणून तर माया सोडतात. कापड तयार साडीतलं, तसं दुसरं मिळणार नाही. शेवटी काखेखाली दोन्हीकडे जवळच्या रंगाची कळी घालावी लागली. जाऊबाई काही बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं.

काकूंनी मशीनवर कव्हर टाकलं. "या मशीनले मायाच नाही जी," म्हणाल्या.

आठवडाभर कव्हर निघालं नाही. मीही गेले नाही, लाज वाटत होती. नंतर त्यांचाच फोन आला. म्हणाल्या, ये, दाखवते.

त्यांनी क्रमच फिरवला होता. कापलेला प्रत्येक भाग आधी सुटासुटा ओव्हरलॉक करायचा, डावी सुई काढून, तीन दोऱ्यांनी, अरुंद टाक्याने. पातं फक्त कडेची सुतं छाटेल एवढंच कापड त्याच्या वाटेत द्यायचं. मग काळ्या मशीनवर नेहमीसारखी टीप, दीड इंच माया आत ठेवून. मायेच्या दोन्ही कडा आधीच पक्क्या, सुतं निघत नाहीत, आणि उसवायची टीप साधी असल्यामुळे उसवताना ओव्हरलॉकला हात लावायला लागत नाही. काखेची गोलाई मात्र बाही बसून अंगावर घालून पाहिल्यावर, दोन्ही थर एकत्र. परकराच्या आणि उशांच्या अभ्र्यांच्या शिलाया थेट चार दोऱ्यांनी, कारण अभ्रा कोणी सैल करायला आणत नाही.

कोणत्या शिलाईला पुढे उसवायची वेळ येईल, कोणत्या नाही, यावर त्यांनी सगळी कामं दोन मशीनमध्ये वाटून टाकली होती. आपले बरेच शिंपी सुट्या भागांची कड आधीच करून घेतात, हे मला माहीत होतं. शिकवताना आठवलं नाही, कारण मी मशीनकडून शिकवत होते आणि काकू कपड्याकडून बघत होत्या.

डावा हात मांडीवर

होजिअरीला एक अडचण आली. बनियनच्या तुकड्यांवर कड केली की ती लाटांसारखी वर-खाली. या मशीनला दात्यांच्या दोन जोड्या असतात, पुढची आणि मागची. त्यांच्या चालीचा आकडा १ वर असला की दोन्ही सारख्या चालतात. १.५ किंवा २ कडे नेला की पुढची जोडी जास्त कापड आत ढकलते, त्यामुळे ताणणारं कापड ताणलं जात नाही. १ च्या खाली आणला की उलट, झुळझुळीत पातळ कापडाच्या चुण्या जातात. आम्ही १.५ केला, १.८ केला. लाटा कमी झाल्या, गेल्या नाहीत.

कारण काकूंचा डावा हात. पायाच्या मशीनवर त्या हाताने मागून कापड हलकेच ओढायची सवय. त्यांना स्वतःला ते जाणवतही नव्हतं. मी मोबाईलवर काढून दाखवलं तेव्हा म्हणाल्या, "हा कोणाचा हात आहे?" सुरुवातीचे दोन इंच गेले की डावा हात मांडीवर, असं ठरलं. १.५ वर लाटा थांबल्या.

बारसं

जुलैच्या मध्यावर काकूंना नात झाली. घरात आता बाळासाठी नवं शिवायला मोकळीक होती आणि हातात बारा दिवस. गांधीबागेतून आलेलं ते इंटरलॉक कापड काकूंनी बाळ घरी आल्यावर धुवून वाळवलं. पाऊस असल्याने वाळायलाच दोन दिवस गेले. सहा झबली, चार टोपडी, शिलाया सगळ्या बाहेरच्या बाजूला, बाळाच्या अंगाला टाका लागू नये म्हणून. चार दोरे नाहीत, तीनच, नाही तर एवढ्याशा खांद्यावर दोरखंड झाल्यासारखं वाटतं. खालच्या लूपरचा दोरा एकदाच तुटला. मी तिथेच होते. काकूंनी काही न बोलता आधी सुईचा दोरा उपसला.

बारशाच्या आदल्या रात्री मुलीने साडीवरचं ब्लाऊज घालून पाहिलं. मेमध्ये तिच्या जुन्या मापावर काकूंनी शिवलेलं, नव्या क्रमाने. हूक लागेनात. काकूंनी चष्मा लावला, ब्लाऊज उलटं केलं आणि बाजूची टीप उसवायला घेतली. आत दीड-दीड इंच कापड, दोन्ही कडा जशाच्या तशा. प्रत्येक बाजूला पाऊण इंच सोडून काळ्या मशीनवर नवी टीप मारली. पायट्याच्या आवाजाने बाळ जागं झालं, म्हणून दुसरी बाजू त्यांनी चाक हाताने फिरवून शिवली.